कॅमेरा शोकेसमध्ये, निगेटिव्ह रद्दीत

गेल्या सहा महिन्यांत आपल्याच कॉलेजातल्या निदान चार जणांच्या इन्स्टाग्रामवर मी एकच कॅमेरा पाहिला. काळा, जाडजूड, पुढे गोल भिंग, त्यावर ‘आग्फा’ हे नाव. लाकडी फळीवर ठेवलेला, बाजूला पिवळ्या पानांचं पुस्तक, कॉफीचा मग आणि एक सुकलेलं फूल. एकाने खाली लिहिलं होतं, ‘व्हिंटेज जर्मन ब्यूटी’. लाइक भरपूर.

कॅमेरा होता आग्फा क्लिक थ्री. आग्फा हे नाव जर्मन, हे खरं. पण हा कॅमेरा आग्फाच्या परवान्याने न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने बनवला, आणि बनवला कुठे, तर बडोद्यात. म्हणजे आपल्या गावात. ज्या शहरात आपण रोज रिक्षाने कॉलेजला येतो, तिथेच तयार झालेल्या वस्तूला आपण परदेशी पाहुणी म्हणून मिरवतोय.

मला त्या मित्राची चेष्टा करायची नाही. फोटो छानच होता, उजेड तर फारच सुंदर. पण त्या निमित्ताने बरेच दिवस मनात असलेलं एक मत मांडते. जुने फिल्म कॅमेरे जमवण्याचा आणि त्यांचे फोटो काढण्याचा छंद आपल्या पिढीत वाढतोय, हे चांगलंच आहे. मात्र या छंदात आपण वस्तू जपतो आणि त्या वस्तूने आयुष्यभर केलेलं काम फेकून देतो. कॅमेरा शोकेसमध्ये जातो आणि त्याच घरातल्या निगेटिव्ह रद्दीत जातात. हे थांबायला हवं, आणि ते आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखं आहे.

मी स्वतः या छंदात आहे. माझ्याकडे पाच कॅमेरे आहेत: दोन क्लिक थ्री, एक कोडॅक ब्राउनी, एक रशियन झेनिट आणि एक हॉट शॉट, जो आमच्या पप्पांच्या कॉलेजच्या दिवसांतला आहे. सगळे मिळूनसुद्धा एका बऱ्या फोनच्या किमतीत येणार नाहीत. त्यामुळे मी काही बाहेरून बघून टीका करणारी नाही.

आधी क्लिक थ्रीबद्दल थोडं, कारण आपल्या घरांत सापडला तर हाच सापडण्याची शक्यता जास्त. अगदी साधा कॅमेरा. एकच शटरस्पीड. उन्हासाठी एक खूण, ढगांसाठी दुसरी, बस्स. फोकस करायची भानगड नाही, माणसांना दहा-बारा फुटांवर उभं करायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. मागच्या बाजूला एक छोटीशी लाल खिडकी असते. रोल गुंडाळताना कागदावरचे आकडे त्या खिडकीत दिसतात, एक आला की थांबायचं, फोटो काढायचा, मग दोनपर्यंत फिरवायचं. खिडकी लालच का? कारण जुन्या काळातल्या फिल्मवर लाल उजेडाचा परिणाम होत नसे. आजच्या फिल्मवर होतो, म्हणून आता वापरताना त्या खिडकीवर काळ्या टेपचा तुकडा लावलेला बरा.

‘आता वापरताना’ असं मी मुद्दाम लिहिलंय. क्लिक थ्रीला लागणारी १२० नंबरची फिल्म कोडॅकने १९०१ साली ब्राउनीच्या एका मॉडेलसाठी काढली, आणि ती आजही बनते. सव्वाशे वर्षं होत आली. आपल्याकडे उटीला १९६० साली सरकारने हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली. तिची ‘इंदु’ फिल्म एके काळी गावोगावच्या स्टुडिओंत असायची. ती कंपनी बंद पडली. क्लिक थ्री बनवणंही केव्हाच थांबलं. पण फिल्म मिळते म्हणून कॅमेरा अजून जिवंत आहे. तो शोपीस व्हायची वेळ अजून आलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. कॅमेऱ्याला किंमत कशाने येते? बडोद्यातलंच उदाहरण घ्या. भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० च्या सुमारास व्यावसायिक फोटोग्राफी सोडली. पुढे त्या आपल्या शहरात राहायला आल्या आणि २०१२ साली इथेच वारल्या. त्या रोलीफ्लेक्स वापरत. रोलीफ्लेक्स जगात लाखोंनी विकले गेले. त्यांचा कॅमेरा वेगळा ठरतो तो त्यांनी टिपलेल्या फोटोंमुळे: स्वातंत्र्याच्या पहाटेची दिल्ली, नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा. त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे म्हणून आपण तो पाहू शकतो. समजा कॅमेरा तेवढा काचेच्या पेटीत राहिला असता आणि निगेटिव्ह गेल्या असत्या, तर आपण काय पाहिलं असतं? एक चांगला जर्मन डबा.

दुसरं उदाहरण आपल्या इंदूरच्या वाचकांसाठी. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते, तिथे त्यांना फोटोग्राफीचा नाद लागला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, सिकंदराबादला आणि मुंबईला त्यांचे स्टुडिओ होते. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. एकोणिसाव्या शतकातले राजवाडे, किल्ले, देवळं, दरबारी मंडळी कशी दिसत होती हे त्या काचांमुळे कळतं. त्यांचा कॅमेरा कोणत्या बनावटीचा होता, हा प्रश्न त्यानंतरचा.

तुम्ही म्हणाल, ती मोठी माणसं. आमच्या घरात कोण निजाम नि कोण नेहरू? म्हणूनच मी जास्त आग्रहाने सांगतेय. मोठ्या माणसांच्या निगेटिव्ह सांभाळायला संस्था आहेत. आपल्या घरातल्या निगेटिव्ह सांभाळायला आपल्याशिवाय कुणी नाही.

आमचं घर मूळचं वसईचं. आजोबा रेल्वेत नोकरीला लागले आणि बडोद्याला आले, ते इथलेच झाले. त्यांच्याकडे क्लिक थ्री होता. ते गेले तेव्हा कबरीवर लावायला फोटो हवा होता, तो चिनी मातीच्या गोल तबकडीवर छापतात ना, तसा. स्टुडिओत काढलेला त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. शेवटी एका निगेटिव्हमधून चेहरा मोठा करून घेतला. क्वार्टरच्या अंगणात, बाजेवर, बनियनमध्ये बसलेले आजोबा. मानेच्या खालचा भाग कापला म्हणून बनियन दिसत नाही इतकंच. निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची, म्हणून एवढा मोठा करूनही चेहरा फाटला नाही. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही तिथे मेणबत्ती लावतो, तेव्हा बडोद्यात बनलेल्या त्या कॅमेऱ्याचंच काम समोर असतं. कॅमेरा स्वतः मात्र आता घरात नाही. क्वार्टर सोडताना तो कुणाला तरी दिला. माझ्याकडचे दोन्ही मी नंतर विकत घेतलेले.

त्या रोलवरचे बाकीचे फोटो मला जास्त महत्त्वाचे वाटतात. एक रोल वर्षभर पुरवायचा असे, म्हणून एकाच पट्टीवर नाताळचा गोठा, शेजारच्या देशपांड्यांचा गणपती आणि माझ्या आत्याचा पहिला कम्युनियन असे शेजारी शेजारी आहेत. आत्याच्या डोक्यावर पांढरी व्हेल आणि मागे उभ्या असलेल्या पणजीचं लाल लुगडं, जे निगेटिव्हमध्ये फिकं करडं दिसतं. आजी ती पट्टी उजेडाकडे धरून म्हणते, “बाय, ही बघ कोपऱ्यात कोण उभीय ती. सुईण होती, तुझ्या बापाच्या वेळची.” बडोद्यातल्या मराठी माणसांवर लेख वाचायला मिळतात: सयाजीराव, वाडे, नाटकं, ग्रंथालयं. रेल्वे कॉलनीतल्या मराठी ख्रिस्ती घरांबद्दल मला आजवर फार काही वाचायला मिळालेलं नाही. ते या पट्टीवर आहे.

आणि ही पट्टी कायम टिकणारी नाही. मागच्या पावसाळ्यात माळ्यावरून चपलांचा एक खोका काढला. झाकण उघडताच असा आंबट वास आला की आईला वाटलं, लोणच्याची बरणी फुटली. तो वास निगेटिव्हचा होता. बऱ्याचशा जुन्या फिल्म असेटेटच्या असतात. उष्णतेने आणि दमटपणाने त्या सडू लागल्या की त्यातून असेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरचाच वास. फिल्म आकसते, वळते, वरचा थर सुरकुततो. एकदा सुरू झालं की मागे फिरत नाही आणि शेजारच्या चांगल्या पट्ट्यांनाही ते लागतं. त्या खोक्यातल्या अर्ध्या पट्ट्या गेल्या. त्यात कोण होतं हे आजीलाही आता सांगता येत नाही.

कॅमेऱ्याचं तसं नसतं. कॅमेरा दणकट असतो. दहा वर्षं कपाटात पडला तरी त्याला बरा करता येतो. भिंगावर बुरशी येते, शटर चिकटतं, झाकणाच्या कडेचा फोम वितळून चिकट होतो, पण या सगळ्यावर थोडेफार उपाय आहेत. शहरात एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे मी झेनिट दाखवायला नेला होता. ते म्हणाले, “बेन, वापरून कॅमेरा बगडत नाय. ठेवून ठेवून बगडतो.” तेव्हा घाई कशाची करायची, हे उघड आहे. कॅमेरा थांबू शकतो. निगेटिव्ह थांबत नाहीत, आणि त्यातली माणसं ओळखणारी आजी तर त्याहून नाही.

आता माझ्या मतावर ऐकलेले दोन-तीन आक्षेप.

पहिला, पैशांचा. रोल आणि धुलाई धरून बारा फोटोंना हजार रुपयांच्या आसपास जातात. विद्यार्थ्याला हे परवडत नाही, म्हणून आम्ही कॅमेऱ्याचाच फोटो काढतो, असं एक जण म्हणाला. त्याचं बरोबर आहे. प्रत्येकाने रोल वापरलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. मी वर्षाला दोन रोल वापरते, त्याहून जास्त जमत नाही. पण घरातल्या जुन्या निगेटिव्ह बघायला एक रुपयाही लागत नाही. टॅब किंवा लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं, त्यावर स्वच्छ काच थोडी उंचावर ठेवायची म्हणजे स्क्रीनचे ठिपके येत नाहीत, काचेवर निगेटिव्ह ठेवायची, फोनने फोटो काढायचा आणि रंग उलटे करायचे. फोनमध्ये ही सोय असते. छापण्याइतका दर्जा मिळणार नाही, पण चेहरा ओळखता येतो.

दुसरा आक्षेप जरा काव्यात्म आहे. ‘फिल्म कॅमेरा आपल्याला थांबायला शिकवतो, प्रत्येक क्षणाची किंमत कळते’ वगैरे. खरं सांगायचं तर हे वाक्य आता मला ऐकवत नाही. आमचे आजोबा काही ध्यानधारणा म्हणून बारा फोटो काढत नव्हते. रोल महाग होता म्हणून बाराच काढत होते. त्या बारात कोण येणार आणि कोण राहणार यावरून घरात रुसवेफुगवे झालेत. धाकट्या काकांचा पाच वर्षांचा होईपर्यंत एकही फोटो नाही, आणि ते आजही हे बोलून दाखवतात. त्या टंचाईला आपण आज सुंदर म्हणणं सोपं आहे, कारण आपल्या खिशात फोन आहे. जुन्या काळाचं कौतुक करायचं तर त्यातली अडचणही लक्षात ठेवू या.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा प्रश्न आहे, आणि तो मला अवघड वाटतो. माझा दुसरा क्लिक थ्री मी अहमदाबादला साबरमतीच्या काठच्या रविवारी बाजारात घेतला. घरी येऊन पाहिलं तर लाल खिडकीत सातचा आकडा. आत कुणाचा तरी अर्धा काढलेला रोल होता. तो धुऊन घेतला. तीन फोटो बऱ्यापैकी आले: सायकल धरून उभा असलेला एक म्हातारा, रिबिनी बांधलेल्या दोन मुली, आणि तोरण लावलेलं एक दार. बाकी सगळं धुरकट. मैत्रीण म्हणाली, टाक इन्स्टावर, असल्या सापडलेल्या फिल्मना खूप व्ह्यूज मिळतात. मी टाकले नाहीत आणि टाकणारही नाही. ती माणसं कुणाच्या तरी घरातली आहेत. त्या दोन मुली आज कदाचित माझ्या आईच्या वयाच्या असतील. त्यांना न विचारता मी त्यांना माझ्या ‘व्हिंटेज’ची शोभा का करावं? माझ्याच आजोबांचा बनियनमधला फोटो असा कुणा अनोळखी माणसाच्या पानावर दिसला, तर मला आवडेल का? मी त्या निगेटिव्ह पाकिटात ठेवल्या आहेत, वर बाजार, तारीख आणि कॅमेऱ्याचा नंबर लिहून. विकणाऱ्यालाही विचारलं, पण त्याने तो कॅमेरा भंगाराच्या ढिगात घेतला होता. म्हणजे एखादं घर रिकामं झालं आणि कॅमेरा त्यातल्या रोलसकट गेला. तो आपल्या सगळ्यांच्या नातेवाइकांपैकी कुणाचाही असू शकतो. मुलं पुण्याला किंवा कॅनडाला, घर विकायला काढलेलं, रद्दीवाला दारात. असं घर तुम्हाला एकही माहीत नाही, असं सांगू नका.

मग कॅमेऱ्यांचे फोटो काढायचेच नाहीत का? जरूर काढा. मी पण काढते. पण शोभेबरोबर नोंद म्हणूनही काढा. फूल आणि कॉफीचा एक फोटो झाला की पुढचे पाच असे काढा: साध्या कागदावर कॅमेरा ठेवून पुढून, मागून, वरून, मागचं झाकण उघडून आतून, आणि नाव-नंबर लिहिलेला भाग जवळून. खिडकीच्या बाजूचा सौम्य उजेड पुरतो. धातूवर चमक येत असेल तर समोर पांढरा कागद धरायचा. झिजलेल्या जागा लपवू नका, अंगठा कुठे लागत होता हे त्यावरून कळतं. चामड्याच्या केसवर सुईने कोरलेली आद्याक्षरं, स्टुडिओचं स्टिकर, आत राहिलेली पावती, हे सगळं टिपा. आणि शेवटचा फोटो, जमलं तर, ज्याचा कॅमेरा त्याच्या हातात. आजी, काका, शेजारचे रिटायर्ड मास्तर, जे कुणी असतील ते. कॅमेरा डोळ्याला लावताना त्यांचा हात आपोआप कसा वळतो ते बघा. फळीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यात ते दिसत नाही.

सांभाळण्याबद्दल थोडक्यात. निगेटिव्ह कागदी पाकिटात किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेवा, पीव्हीसीच्या जुन्या अल्बममध्ये नको. आंबट वास येणाऱ्या पट्ट्या लगेच वेगळ्या काढा आणि त्यांचे फोटो आधी घ्या. पाकिटावर पेन्सिलीने नावं लिहा, आधी लिहून मग निगेटिव्ह आत घाला. माळा, स्वयंपाकघर आणि ओल आलेली भिंत या तिन्ही जागा टाळा. कॅमेरा चामड्याच्या केसमधून बाहेर काढून ठेवा, केस ओल धरून ठेवते. महिन्यातून एकदा खटका दाबा.

आपल्या मंडळाला माझी एक सूचना आहे. दर वर्षी आपण काव्यवाचन करतो, नाट्यप्रवेश करतो. या वर्षी नाताळच्या सुट्टीनंतर एक दुपार ‘घरातली निगेटिव्ह’ यासाठी ठेवू या. प्रत्येकाने घरातली एक पट्टी आणायची आणि त्यावरच्या माणसांबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारून दोनशे शब्द लिहायचे. घरच्यांनी परवानगी दिली तर पुढच्या अंकात छापायचे, नाही दिली तर नुसते वाचायचे. आपण साहित्य शिकतो. कोपऱ्यात उभी असलेली ती सुईण आपल्या लिहिण्यात यायला हवी, आणि ती कोण हे सांगणारी माणसं अजून आपल्या घरात आहेत.

येताना कॅमेरा आणलात तर छानच. निगेटिव्हचं पाकीट मात्र विसरू नका.